सुतात जाणारे तास

‘हे कापड विणायला किती दिवस लागतील?’ नवं गिऱ्हाईक आलं की हा प्रश्न ठरलेला. विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर माग असतो, आडवा धागा नेणाऱ्या धोट्याची ये-जा असते. माझ्या कामाचा मोठा भाग मात्र मागापर्यंत पोचण्याआधीच होऊन गेलेला असतो. म्हणून मी आधी सूत किती लागेल ते सांगते. ते ऐकलं की समोरचा माणूस थोडा वेळ काही बोलत नाही.

मी जुनी कापडं पुन्हा तयार करते. उत्खननात मिळालेला तळहाताएवढा तुकडा, थडग्यातल्या पट्ट्याची किनार, संग्रहालयाच्या कपाटात अंधारात जपलेला झगा अशा वस्तूंच्या प्रतिकृती, त्याच धाग्याच्या, त्याच विणीच्या आणि जमेल तिथे त्याच रंगाच्या. काम सांगणारे नाना तऱ्हेचे असतात. संग्रहालयं, पुरातत्त्वाचे अभ्यासक, नाटक-सिनेमाचे वेशभूषाकार, आणि एखादा जुना काळ अंगावर घालून जगून बघणारी हौशी मंडळी. संग्रहालयांना प्रतिकृती लागते, कारण मूळ कापड उजेडात फार काळ ठेवता येत नाही. त्याच्यावरचा प्रकाश ५० लक्सच्या आसपास, म्हणजे अगदी मंद ठेवतात, तरी रंग उडायचा तो उडतोच, फक्त सावकाश. मी कुणाची नोकर नाही आणि माझ्या हाताखाली कुणी नाही. कातणं, रंगवणं, विणणं, शिवणं, दरपत्रक, बिल, पार्सल, सगळं एकाच माणसाकडे.

सुताचा हिशेब सोपा आहे, शाळकरी पोरालाही करता येईल. एक मीटर लांब, एक मीटर रुंद कापड घ्या. दर सेंटिमीटरला १० उभे आणि १० आडवे धागे धरा. ही काही तलम वीण नव्हे, बेताचीच. म्हणजे १,००० धागे ताण्याचे (उभे), १,००० बाण्याचे (आडवे), प्रत्येक एक मीटरचा. झालं २ किलोमीटर सूत. टकळीवर सराईत हात तासाला साधारण ५० मीटर सूत काढतो. म्हणजे ४० तास. अंगभर झग्याला ४ चौरस मीटर कापड लागलं, तर ८ किलोमीटर सूत आणि १६० तास. यात मागावर टोकांना वाया जाणारं सूत धरलेलं नाही, विणताना कापड आकसतं ते धरलेलं नाही. लोकर निवडणं, धुणं, विंचरणं तर यात कुठेच नाही. विणायला यापेक्षा कितीतरी कमी वेळ लागतो. व्हायकिंगांच्या जहाजांची शिडं लोकरीची असायची. १०० चौरस मीटरच्या शिडाला सुमारे दोनशे किलोमीटर सूत लागणार, हे त्याच हिशेबाने निघतं. संग्रहालयात जहाजाच्या फळ्या जोडणाऱ्या सुतारांचं कौतुक ऐकते तेव्हा मला त्या सुताची आठवण येते. शिडाशिवाय त्या फळ्या किनाऱ्यावरच राहिल्या असत्या.

युरोपातल्या विणकरांनी हा ताण पुढे फार सोसला. १७३३ मध्ये जॉन के याने दोरीच्या झटक्याने पळणारा ‘उडता धोटा’ काढला, विणकाम भराभर होऊ लागलं आणि सूत पुरेना. एका विणकराला चार-चार, कधी त्याहून जास्त कातणाऱ्या लागत. मग कातण्याची यंत्रं आली. १७६० च्या दशकात हारग्रीव्ह्जची जेनी, १७६९ मध्ये आर्कराइटची पाण्यावर चालणारी चौकट. कारखान्यांच्या युगाची गोष्ट आपण वाफेपासून सांगतो. कापडाच्या बाजूने पाहिलं तर ती कातणाऱ्या बाईच्या हातापासून सुरू होते. तो हात पुरेनासा झाला, म्हणून तिथे यंत्र आलं.

पूर्वी हे तास कुणी मोजलेच नाहीत असंही नाही. मेसोपोटेमियात (आजच्या इराकच्या भागात) उर शहराच्या तिसऱ्या राजवंशाच्या काळात, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वी, मंदिरांच्या आणि राज्याच्या विणकामशाळांत बायका आणि मुलं मोठ्या संख्येने राबत. त्यांना महिन्याला किती जव द्यायचे, वर्षाला किती लोकर, याच्या नोंदी मातीच्या पाट्यांवर आहेत. बाईचा वाटा पुरुषाच्या वाट्यापेक्षा कमी, आणि पोरांचा त्याहून कमी. इ. स. ३०१ मध्ये रोमन सम्राट डायोक्लिशनने वस्तूंचे आणि मजुरीचे कमाल दर दगडावर कोरून लावले. त्यात जवसाच्या धाग्याच्या कापडाची, म्हणजे लिननची, प्रतवारी लावलेली आहे आणि लोकरकाम करणाऱ्याची मजुरी पौंडामागे ठरवलेली आहे, वर जेवण. जांभळ्या रंगात रंगवलेल्या रेशमाच्या एका पौंडाला त्यात १,५०,००० दिनार हा आकडा आहे. तो वाचला की लोक थक्क होतात. मी त्याच्या शेजारचे छोटे आकडे वाचते. मोजमाप होतं, पण मोजणारा नेहमी काम करून घेणारा होता. घरात टकळी फिरवणारीच्या तासांची नोंद ठेवायची गरज कुणाला भासली नाही.

माझ्यासारख्या एकट्याने पोट भरणाऱ्या कारागिराला हा इतिहास रोज आडवा येतो. मी करते ती वस्तू ज्या काळातली असते, त्या काळात हे श्रम गुलामाचे होते, नाहीतर घरच्या बाईचे. आज ते माझे आहेत आणि मला त्यांचे पैसे मागायचे आहेत. ‘कातायला तुम्हाला आवडतंच ना?’ असं मला अनेकदा विचारलं जातं. आवडतं. शल्यविशारदालाही त्याचं काम आवडत असेल, म्हणून कुणी त्याला अर्ध्या फीमध्ये शस्त्रक्रिया करायला सांगत नाही.

मग दरपत्रक कसं करायचं? मी तीन पायऱ्या ठेवल्या आहेत. पहिली, गिरणीचं सूत आणि आजचा माग, वीण मात्र जुनी. लांबून बघायचं असेल तर पुरते. दुसरी, ताणा गिरणीचा, बाणा हातचा, किंवा फक्त दिसणारा भाग हातचा. तिसरी, सगळं हातचं. जुन्या जातीच्या मेंढीची लोकर, टकळीवर कातलेली, मातीच्या वजनांनी ताणलेल्या उभ्या मागावर विणलेली. पहिल्या आणि तिसऱ्या पायरीत पैशाचं अंतर एवढं आहे की गिऱ्हाईकाला वाटतं मी चुकून एखादं शून्य जास्त लिहिलं. म्हणून मी एकच आकडा लिहीत नाही. लोकर निवडणं, विंचरणं, कातणं, दोरा दुहेरी करणं, रंगवणं, ताणा लावणं, विणणं, धुणं, शिवणं, प्रत्येकाचे तास वेगळ्या ओळीत. काही लोक ते वाचून पहिल्या पायरीवर येतात आणि तेही ठीक आहे. नाटकात दहाव्या रांगेतल्या माणसाला सूत कुठलं ते दिसणार नाही. पण पहिल्या पायरीचे पैसे देऊन फलकावर ‘मूळ तंत्राने तयार केलेले’ असं लिहू पाहणारे भेटतात, तिथे मी ऐकत नाही. काय गिरणीचं आणि काय हातचं, हे मी कापडासोबत कागदावर लिहून देते आणि त्यावर दोघांच्या सह्या असतात.

हातच्या सुताने फरक काय पडतो? याचं उत्तर देताना मी ऑस्ट्रियातल्या हालश्टाटच्या मिठाच्या खाणीतली कापडं दाखवते. कांस्ययुगातल्या आणि लोहयुगातल्या खाणकामगारांनी तिथे टाकलेल्या चिंध्या मिठात टिकल्या, रंगासकट. त्या काळच्या काही कापडांत एकाच रंगाच्या सुतात पट्टे दिसतात. रंग तोच, जाडी तीच, तरी पट्टा. गोष्ट पिळाची आहे. टकळी घड्याळाच्या काट्यासारखी फिरवली की सुताला एका बाजूला पीळ बसतो, उलटी फिरवली की दुसऱ्या बाजूला. अभ्यासक त्यांना झेड आणि एस म्हणतात, कारण धाग्यावरची तिरकी रेघ त्या त्या अक्षराच्या मधल्या रेघेसारखी दिसते. काही धागे या पिळाचे, मग काही त्या पिळाचे असे लावले की उजेड दोघांवरून वेगवेगळा परततो आणि कापडावर सावलीचे पट्टे उमटतात. समोरून बघा, काही नाही. कापड थोडं तिरपं धरा, पट्टे आहेत. बाजारात मिळणारं सूत बहुतेक एकाच पिळाचं असतं. हे पट्टे हवे असतील तर टकळी उलटी फिरवणारा हात हवा. मला या पट्ट्यांचं फार अप्रूप आहे. ज्या बाईने ते योजले तिने उजेड पाहून सूत कातलं होतं, रंगाचा एक थेंबही न वापरता.

रंगाची गोष्ट मोठी आहे आणि वादाचीही. पंधराव्या-सोळाव्या शतकातले युरोपातले भिंतीवर लावायचे विणलेले चित्रपडदे पाहिले असतील तर त्यातली झाडं आठवा. पानं निळी असतात. एकाने मला अशाच एका पडद्याच्या कोपऱ्याची प्रतिकृती सांगितली आणि पानं निळीच हवीत असा आग्रह धरला, कारण मूळ निळं आहे. ती पानं विणणाऱ्याने हिरवीच विणली होती. हिरवा रंग तेव्हा दोन रंगांतून यायचा. सूत आधी वोड नावाच्या झाडाच्या निळीत बुडवायचं, मग वेल्ड नावाच्या झाडाच्या पिवळ्या रंगात. निळीचा रंग उजेडाला दाद देत नाही. पिवळा देतो. शतकानुशतकं भिंतीवर राहिलेल्या पडद्यातला पिवळा निघून गेला आणि निळा मागे राहिला. पडद्याची मागची बाजू, जिच्यावर उजेड पडलेला नसतो, ती पुष्कळदा अजून हिरवी असते. मी गिऱ्हाईकाला मागच्या बाजूचे फोटो पाठवले. मग आमचं बोलणं खरं सुरू झालं. त्याला त्या कापडाचा कुठला दिवस हवा होता? मागावरून उतरलं तो, की आजचा? दोन्ही खरे आहेत आणि दोन्ही करता येतात, पण आधी ठरवावं लागतं. त्याने शेवटी हिरवा घेतला. पुष्कळजण घेत नाहीत. जुना काळ म्हणजे मातकट, करडा, फिका अशी समजूत इतकी घट्ट आहे की मंजिष्ठेच्या कुळातल्या मुळांनी रंगवलेला लालभडक झगा दाखवला की ‘हा फार नवा वाटतो’ म्हणतात. नवा होता तेव्हा तो असाच होता.

ही समजूत अभ्यासकांचीही होती. डेन्मार्कमध्ये हुल्ड्रेमोस इथल्या दलदलीत १८७९ मध्ये एका बाईचं शव सापडलं, अंगावरच्या चौकड्यांच्या घागऱ्यासकट आणि मानेभोवतीच्या शालीसकट. दलदलीच्या पाण्याने सगळं तपकिरी झालं होतं आणि लोकर मुळातच तपकिरी असावी असं पुष्कळ काळ मानलं गेलं. नंतर धाग्यांची रासायनिक तपासणी झाली तेव्हा कळलं की घागरा निळा होता आणि शाल लाल. आता हा तपास नखाएवढ्या धाग्यावर होऊ शकतो.

त्या दलदलींनी माझ्या कामात आणखी एक पेच आणून ठेवला आहे. दलदलीचं पाणी आम्लधर्मी असतं. त्यात लोकर, कातडी, केस टिकतात आणि जवसासारख्या वनस्पतींचे धागे विरून जातात. उलट चुनखडीच्या जमिनीत लोकर जाते. त्यामुळे दलदलीतून आलेल्या कपड्याला कधीकधी शिवणीची भोकं असतात आणि शिवणीचा दोरा नसतो. भोकांतलं अंतर मोजता येतं, सुई किती जाड होती याचा अंदाज बांधता येतो, दोरा ताणून घेतला होता की सैल सोडला होता हे कापडाच्या चुणीवरून सांगता येतं. दोरा कशाचा हे मात्र मला ठरवावं लागतं. मी जवसाचा घेते, कारण गेला तो बहुधा तोच. अशा कपड्यावर काम करताना भिंग डोळ्याला लावून एकेका भोकापाशी थांबावं लागतं, आणि हे थांबणं दरपत्रकातल्या कुठल्याच ओळीत नीट बसत नाही. मी त्याला ‘अभ्यास’ म्हणून ओळ ठेवली आहे. ती ओळ गिऱ्हाईक पहिल्यांदा खोडतं.

काळ्या रंगाबद्दलही एक ठरवलेलं आहे. लोह आणि हिरड्यासारखं तुरट द्रव्य मिळून सुरेख काळा होतो, पण लोह धाग्याला आतून खात राहतं. जुन्या भरतकामांत काळ्या टाक्यांच्या जागी नुसतं कापड उघडं पडलेलं असतं, बाकीचे रंग शाबूत. आज मी तोच काळा वापरला तर माझं भरतकामही पुढे कधीतरी तिथेच झडेल. अभ्यासासाठी असेल तर वापरते आणि तसं लिहून देते. रोज हाताळायच्या वस्तूला वापरत नाही.

बाकीचं आयुष्य कुठल्याही एकट्याने काम करणाऱ्याचं असतं तसंच. आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय लोकर मागवायची नाही. बाहेरून आलेलं प्रत्येक गाठोडं आधी बंद पिशवीत घालून फ्रीझरमध्ये, कारण लोकरीला लागणाऱ्या कसरीची एक मादी वर्षाची कमाई खाऊ शकते. खांदा, मनगट, मान यांना सुटी द्यावी लागते आणि त्या सुटीचे पैसे देणारं कुणी नसतं. मोठी कामं वर्षात थोडीच येतात. मधल्या काळात शिकवण्या, रंगवलेल्या सुताच्या लडी आणि अरुंद पट्टे यांवर घर चालतं. पट्टे मी चार कोपऱ्यांना भोकं असलेल्या चौकोनी पाट्यांवर विणते. त्यांना माग लागत नाही, ते दोन खुंट्यांमध्येही होतात, आणि त्यांच्या विक्रीवर माझं बरंचसं भाडं निघतं.

एकटेपणाचं मात्र थोडं लिहायला हवं. डेन्मार्कच्या कांस्ययुगातल्या रुंद कापडांत एक खूण दिसते. बाण्याचा धागा सलग या काठापासून त्या काठापर्यंत जात नाही. मध्येच थांबतो, दुसऱ्या बाजूने आलेला धागा तिथे त्याला ओलांडतो आणि दोघं आपापल्या दिशेला वळतात. पुढच्या ओळीत ही जागा थोडी सरकलेली असते. भिंगाखाली पाहिलं तर कापडाच्या मधोमध ही अदलाबदल वरपासून खालपर्यंत नागमोडी जाताना दिसते. याचा अर्थ मागासमोर एकाहून जास्त माणसं उभी होती. एकीने डावीकडून धागा आणला, दुसरीने उजवीकडून, मध्ये दोघींचे हात भेटले. कधी तिघीही असाव्यात. रेषा सरळ नाही, कारण कुणाचा हात लांब, कुणाचा आखूड, कुणी पटकन पुढे गेली, कुणी बोलता बोलता रेंगाळली.

मी अशी कापडं पुष्कळ वर्षं एकटीच विणत आले. डावीकडून धागा मध्यापर्यंत न्यायचा, सोडायचा, चालत उजवीकडे जायचं, दुसरा धागा आणायचा, ओलांडायचा. कापड दिसायला मुळाप्रमाणेच होतं. पण ती नागमोडी रेघ मी ठरवून सरकवते आणि ठरवून सरकवलेली रेघ वेगळी दिसते. तिच्यात एकाच माणसाची चाल असते. जाणकाराला ते कळतं, मला तर कळतंच. मागाची ही रुंदी एका बाईसाठी नव्हती आणि हे कामही एका बाईचं नव्हतं. कातणाऱ्या वेगळ्या, विणणाऱ्या वेगळ्या, लोकर विंचरायला म्हाताऱ्या आणि पोरी. मी एक अख्खं घर एकटीने उभं करायला बघते आणि वर त्याची किंमत एका माणसाच्या मजुरीएवढी असावी अशी माझ्याकडून अपेक्षा असते.

म्हणून यापुढे रुंद कापडाचं काम मी एकटीने घ्यायचं नाही असं ठरवलं आहे. माझ्याकडे शिकून गेलेली एक मुलगी आता माझ्याइतकंच सारखं सूत काढते आणि उभ्या मागापुढे तिचा हात माझ्यापेक्षा चपळ आहे. सध्या आलेलं काम अशाच दोन हातांच्या कापडाचं आहे, मूळ तुकड्यात बाण्याची अदलाबदल स्पष्ट दिसते. दरपत्रकात मी विणण्याच्या ओळीत दोन माणसं लिहिली, कातण्यातही दोन. पलीकडून विचारणा आली की जे काम एक माणूस करू शकतो त्याला दोन कशाला. मी त्या जागेचा मोठा केलेला फोटो पाठवला, धागे कुठे भेटतात तिथे खूण करून. दोन माणसं मान्य झाली. मग दुसरं पत्र आलं, की दुसरी व्यक्ती मदतनीस आहे तर तिचा दर निम्मा धरावा. मी दोघींचा दर तोच ठेवून, कातण्याच्या तासांसकट, दरपत्रक होतं तसं परत पाठवलं आहे.